दीर्घ काम मध्यावर का रेंगाळते आणि ते तडीस कसे न्यावे?

मोडीवाचक (धागाकर्ता)

नमस्कार. आमच्या गावच्या देवस्थानाची जुनी कागदपत्रे दोन रुमालांत बांधलेली आहेत. देवस्थानाचे हिशेब, इनाम जमिनीसंबंधीची पत्रे, काही निवाडे असा हा ऐवज असून सगळे लेखन मोडी लिपीत आहे. त्याचे देवनागरीत लिप्यंतर करून, पत्रांना तारखा लावून, एक नीट संच गावच्या वाचनालयात ठेवण्याचे काम मी अंगावर घेतले आहे. पहिला रुमाल झपाट्याने पार पडला. दुसऱ्या रुमालात मात्र काम अडखळते आहे.

अडखळते म्हणजे काय, ते नेमके सांगतो. एखाद्या पत्राच्या शेवटी ‘सन इसने सलासीन मया व अलफ’ असे येते. या अरबी संख्याशब्दांचे दोन, तीस, शंभर आणि हजार मिळून ११३२ हा शुहूर सन (जुन्या मराठी कागदपत्रांतली एक कालगणना) झाला. हे वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होत असल्यामुळे इसवी सन १७३१-३२ निघते. इथपर्यंत काहीच अडचण नसते. पण पुढे ‘छ’ घालून चंद्राचा दिवस आणि मुसलमानी महिना दिलेला असतो, म्हणून जंत्री, म्हणजे तारखा जुळवण्याचे कोष्टक, काढावी लागते. जंत्री उघडली की त्या वर्षी त्या परगण्याचा कमाविसदार (महसूल वसूल करणारा अधिकारी) कोण होता, हे पाहावेसे वाटते. त्यासाठी दुसरा ग्रंथ निघतो, आणि संध्याकाळ संपते तेव्हा मूळ पत्राच्या चारच ओळी उतरलेल्या असतात. शोध खोटा नसतो आणि वेळही वाया गेला असे म्हणवत नाही, तरीही काम पुढे सरकलेले नसते.

आळस हे याचे कारण आहे असे मला वाटत नाही, कारण कामाची ओढ पहिल्या दिवसाइतकीच आहे. दोष मनाच्या ढिलाईत नसून कामाच्या मांडणीत असावा, असे माझे मत बनत चालले आहे. ज्यांनी लांब पल्ल्याची कामे पुरी केली आहेत, त्यांनी मधला टप्पा कसा ओलांडला ते सविस्तर सांगावे, ही विनंती.

पाणंद

मी अनेक वर्षे अभिलेखांच्या कामात होतो, त्या अनुभवावरून सांगतो. वाचणे आणि तारीख लावणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि ती एकाच बैठकीत करू नयेत. पहिल्या फेरीत फक्त अक्षर लावावे. जिथे तारीख, अनोळखी नाव किंवा न लागणारा शब्द येईल, तिथे समासात ठरलेली खूण करून पुढे जावे. रुमाल संपला की जंत्री घेऊन बसावे आणि सगळ्या तारखा एका ओळीने लावाव्यात. यात आणखी एक फायदा आहे: मोडीत शब्द तोडून लिहिण्याची पद्धत नसल्यामुळे एका लेखकाचे वळण डोळ्यांत बसले की पुढची पाने भराभर लागतात. दर चार ओळींनी उठून जंत्री पाहिली, तर ते वळण डोळ्यांतून निघून जाते आणि प्रत्येक वेळी नव्याने बसवावे लागते.

दुसरी गोष्ट, उठण्यापूर्वी पुढच्या पत्राचा मायना आणि पहिल्या दोन ओळी उतरवून ठेवाव्यात. पत्र संपले त्या जागी थांबू नये, नव्या पत्राच्या आत थोडे शिरून थांबावे. दुसऱ्या दिवशी आरंभ कुठून करायचा, हा प्रश्नच उरत नाही.

ध्रुवपद

पाणंद यांच्या सूचना चांगल्या आहेत, पण मुळात बैठकीची सवय नसेल तर कोणतीही मांडणी उपयोगाची नाही. ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत, एवढे पाळले तरी पुष्कळ झाले. गाण्याच्या रियाजात हेच शिकवतात. आज आवाज लागेल की नाही याचा विचार न करता तानपुरा जुळवून बसायचे. मन नंतर येते. काम रेंगाळते तेव्हा माणूस पद्धती शोधू लागतो, आणि तो शोधही काम टाळण्याचाच एक प्रकार असतो, असे मला वाटते.

शिवणघर

ध्रुवपद, आपला अनुभव खरा आहे, पण ठरलेली वेळ आणि ठरलेली जागा ज्यांच्या हातात आहे त्यांच्यापुरताच तो खरा आहे. माझा शिवणकामाचा व्यवसाय घरातूनच चालतो. घरी सासूबाईंचे आजारपण आहे, मुलांच्या शाळेच्या वेळा आहेत, आणि गिऱ्हाईक कधी दारात येईल ते सांगता येत नाही. मला सलग दोन तास मिळत नाहीत आणि पुढील काही वर्षे मिळणारही नाहीत. तरीही लग्नसराईत ठरल्या दिवशी ब्लाउज द्यावेच लागतात, कारण मुहूर्त कोणासाठी थांबत नाही.

मी काम माणसांप्रमाणे न लावता हातांप्रमाणे लावते. एका सकाळी सगळ्यांची कापणी. त्या वेळी टेबल मोकळे लागते आणि लक्षही पूर्ण लागते, म्हणून ते काम मुले शाळेत असतानाच करते. मशीनवरची शिलाई दुपारी, कारण तेव्हा थोडा व्यत्यय आला तरी चालतो. टाका जिथे थांबला तिथून पुढे धरता येतो. हुक, काज आणि तुरपाई यांचा डबा मात्र वेगळा असतो. तो सासूबाईंच्या खाटेजवळ ठेवलेला असतो आणि दहा मिनिटे मिळाली की उघडता येतो. डब्यात सुईत दोरा ओवूनच ठेवते. दोरा ओवायचा असेल तर दहा मिनिटांचा वेळ हातचा जातो. ओवलेला असेल तर दोन हुक लागतात.

शेवटचे हातकाम सर्वांत जास्त रेंगाळते, हेही नमूद करते. कपडा शिवून झालेला दिसतो, अंगावर घालूनही पाहता येतो, त्यामुळे मनाने तो संपलेला असतो. गिऱ्हाइकाला मात्र तो देता येत नाही. हुक लागून, इस्त्री होऊन, नावाची चिठ्ठी टाचली की तो कपडा माझ्या वहीत ‘झाला’. त्याआधी मी तो झालेल्यांत धरत नाही. मोडीवाचक यांनी एक पत्र ‘झाले’ म्हणजे नेमके काय, हे आधी लिहून काढावे. फक्त लिप्यंतर, की तारखेसह, की टिपांसह?

ध्रुवपद

ताई, आपले म्हणणे पटले. मी ज्या बैठकीबद्दल लिहिले ती प्रत्येकाला मिळत नाही, हे ध्यानात घ्यायला हवे. ओवलेल्या सुईची गोष्ट मी माझ्या विद्यार्थ्यांना जरूर सांगेन. तानपुरा खोळीत बांधून ठेवू नये, असे आमचे गुरुजी याच कारणासाठी सांगत.

टेकडीवाट

मोठी कामे कशी पुरी होतात याचे एक उदाहरण पुण्यातच आहे, आणि ते वरील सूचनांशी फार जवळून जुळते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे (अनेक हस्तलिखिते ताडून मूळ पाठ ठरवण्याचे) काम १९१९ साली सुरू केले आणि ते १९६६ साली पूर्ण झाले. मुख्य संपादक वि. सी. सुकथनकर यांनी १९२५ मध्ये सूत्रे घेतली आणि १९४३ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे श्री. कृ. बेलवलकर आणि त्यांच्यानंतर प. ल. वैद्य यांनी ती जबाबदारी पार पाडली. तीन संपादक, मध्ये एक महायुद्ध आणि देशाचे स्वातंत्र्य, आणि एकूण बाराशेंहून अधिक हस्तलिखिते, असा हा पसारा होता. तरी काम थांबले नाही. याचे कारण त्या विद्वानांच्या निष्ठेत होतेच, पण माझ्या मते त्याचा मोठा भाग पाठभेद नोंदवण्याच्या त्यांच्या कागदात होता.

त्या कागदावर रूढ प्रतीतला श्लोक वरच्या बाजूस एकेक अक्षर सुटे करून लिहीत. खाली प्रत्येक हस्तलिखितासाठी एक ओळ असे, आणि जिथे पाठ वेगळा असेल तिथे नेमक्या त्या अक्षराखाली तो भेद नोंदवत. उजवीकडे शेऱ्यांसाठी रुंद रकाना मोकळा सोडलेला असे. समासातली दुरुस्ती, खाडाखोड, मूळ प्रतीत नसलेला जादा श्लोक, हे सर्व त्या रकान्यात जाई. पाठ नोंदवणाऱ्याने ‘कोणता पाठ खरा’ यावर विचार करत थांबायचे नसे. ते संपादकाचे काम, आणि त्याची वेळ नंतरची. पाणंद यांनी समासातल्या खुणेबद्दल जे लिहिले आहे, तेच तत्त्व येथे मोठ्या प्रमाणावर दिसते. या शिस्तीमुळेच पाठ मिळवण्याचे काही काम शांतिनिकेतनात आणि तंजावरातही करून घेता आले.

आणखी एक महत्त्वाचे. त्यांनी अठराही पर्वे तयार होईपर्यंत वाट पाहिली नाही. १९२३ मध्ये विराटपर्वाची एक प्रायोगिक आवृत्ती काढून विद्वानांपुढे ठेवली, त्यावर अभिप्राय घेतले. आदिपर्वाचा पहिला भाग १९२७ मध्ये आला आणि ते पर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले. जे हाती आले ते लोकांपुढे जात राहिले, त्यामुळे पुढचा भाग येणार अशी अपेक्षा बाहेरही निर्माण झाली. वाट पाहणारे कोणी असेल तर काम थांबवणे जड जाते.

सातवीण

टेकडीवाट, उदाहरण उत्तम आहे, परंतु ते संस्थेचे आहे. तिथे वेतन घेणारी माणसे होती, देणग्या होत्या, मंडळ होते. एकट्या माणसाने घरी बसून करायच्या कामाला त्याचा कितपत आधार घेता येईल? एकट्या माणसाचे उदाहरण द्यायचे तर पां. वा. काणे यांचे द्यावे लागेल. मुंबईत वकिली करत त्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला. पहिला खंड १९३० चा, पाचव्या खंडाचा अखेरचा भाग १९६२ चा, आणि १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. विशेष म्हणजे या ग्रंथाचा उगम एका प्रस्तावनेत आहे. व्यवहारमयूख या धर्मशास्त्रावरील संस्कृत ग्रंथाच्या आवृत्तीसाठी धर्मशास्त्राच्या इतिहासावर एक प्रास्ताविक लिहावे, एवढाच मूळ बेत होता. तो विस्तारत गेला आणि हजारो पृष्ठांचा झाला.

तेव्हा मोडीवाचक यांच्या ‘कमाविसदार कोण होता’ या प्रश्नाकडे केवळ व्यत्यय म्हणून पाहू नये, असे मी सुचवते. एखादे वेळी आडवाटच मुख्य वाट ठरते. सगळे प्रश्न समासात ढकलून दिले तर अभ्यासाचा रस निघून जाईल.

टेकडीवाट

सातवीण, आपण दिलेले उदाहरण माझ्या म्हणण्याला बळच देते, असे मला नम्रपणे वाटते. काण्यांचा विषय वाढला, पण त्यांनी तो वाढत असताना खंड अडवून धरले नाहीत. जो भाग लिहून झाला तो छापून मोकळा केला आणि मग पुढच्याला हात घातला. प्रास्ताविक मूळ आवृत्तीतून वेगळे काढून त्याला स्वतंत्र ग्रंथाचे स्थान दिले, हा निर्णय मला महत्त्वाचा वाटतो. वाढलेला विषय जुन्या कामाच्या पोटात ठेवला असता, तर दोन्ही अडकून पडले असते. मोडीवाचक यांना कमाविसदारांवर लिहायचे असेल तर त्यांनी अवश्य लिहावे, पण त्याची वही वेगळी असावी.

सातवीण

वेगळ्या वहीची सूचना मला मान्य आहे. फक्त ती वही खरोखर उघडली जावी, एवढाच माझा आग्रह राहील.

कोशवाङ्मय

वरील चर्चेला एक पुस्ती जोडतो. श्री. व्यं. केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोश काढताना कंपनी स्थापून भांडवल उभे केले आणि १९२० नंतरच्या दशकात तेवीस खंड वाचकांच्या हाती दिले. त्यांतले पहिले पाच प्रस्तावनाखंड आहेत. पैसे भरलेले लोक पुढच्या खंडाची वाट पाहत असत, त्यामुळे लेख परिपूर्ण होईपर्यंत खंड रोखून ठेवण्याची सोय नव्हती. मराठी विश्वकोशाचा मार्ग निराळा होता. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईला काम सुरू झाल्यावर आधी परिभाषेची, म्हणजे शास्त्रीय संज्ञांच्या मराठी प्रतिशब्दांची, सिद्धता झाली, आणि पहिला खंड १९७६ मध्ये आला. तिथे पायाभरणीला वेळ दिला गेला, पण ती मुद्दाम योजलेली होती. डेक्कन कॉलेजातील संस्कृत महाकोशाचे काम १९४८ पासून चालू आहे आणि पहिल्या अक्षराच्या शब्दांनीच अनेक खंड व्यापले आहेत. त्याला रेंगाळणे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण तिथे कामाचा आवाकाच पिढ्यांचा ठरवलेला आहे. आपले काम कोणत्या जातीचे आहे, हे आधी ओळखावे. दोन रुमालांचे काम मला केतकरांच्या जातीचे वाटते.

मनोव्यापार

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. या विषयावर झालेल्या संशोधनापैकी तीन गोष्टी येथे उपयोगी पडतील.

ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये असे मांडले की पूर्ण झालेल्या कामापेक्षा मध्येच तोडलेले काम अधिक लक्षात राहते. पुढच्या प्रयोगांत हा परिणाम सगळीकडे सारखा दिसला नाही, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांनी २०११ मध्ये दाखवले की अपुरे काम मनात घोळत राहून दुसऱ्या कामात अडथळा आणते, आणि ते कधी व कसे करायचे याचा नेमका बेत ठरला की काम अपुरे असतानाही तो अडथळा कमी होतो. समासातली खूण आणि ‘तारखांची फेरी रुमाल संपल्यावर’ हा ठराव, दोन्ही मिळून नेमका हा बेत होतो. नुसती खूण पुरेशी नाही. तिची पाळी कधी येणार, हेही ठरलेले हवे. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दुसरी बाजू मांडली: एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलो तर लक्षाचा काही भाग पहिल्यातच गुंतून राहतो. जंत्रीकडून पत्राकडे परत आल्यावर अक्षर लागत नाही, यामागे हेही एक कारण असावे.

पीटर गोल्विट्झर यांचे काम मला सर्वांत उपयोगी वाटते. ‘मी हे पूर्ण करीन’ या संकल्पापेक्षा ‘अमुक घडले की मी अमुक करीन’ असा ठराव अधिक वेळा अमलात येतो. शिवणघर यांच्या वेळापत्रकात असे ठराव पुष्कळ आहेत: मुले शाळेत गेली की कापणी, सासूबाईंजवळ बसले की हुक. त्यांनी ते कोणत्याही ग्रंथावाचून सिद्ध केले आहेत, याचा मला फार आनंद वाटला.

आंबेओहोळ

येथे एक गोष्ट आवर्जून लिहितो. मोठेपणी मला अवधानाचा विकार असल्याचे निदान झाले. तोपर्यंत ‘मन लावत नाही’, ‘धरसोड करतो’ हेच ऐकत आलो होतो. मांडणी सुधारून ज्यांचे काम मार्गी लागते त्यांच्याबद्दल प्रश्न नाही, पण लहानपणापासून, घरी आणि कामावरही, प्रत्येक गोष्ट अर्धी राहत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना एकदा भेटावे. उपचाराने फरक पडतो. अशा माणसाला केवळ शिस्तीचा उपदेश केला तर तो स्वतःला दोष देत राहतो आणि काम आणखी लांबते. ध्रुवपद यांच्यावर हा रोख नाही. वाचणाऱ्यांपैकी कोणाला उपयोग व्हावा म्हणून लिहिले.

ध्रुवपद

आपण लिहिलेत, हे फार चांगले केलेत. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलाच्या संदर्भात याचा गंभीरपणे विचार करीन.

यंत्रशाळा

कारखान्यातला एक नियम सांगतो. टोयोटाच्या पद्धतीत तायची ओनो यांनी जी कानबान चिठ्ठी आणली, तिचा एक परिणाम असा होतो की पुढच्या टप्प्याने मागितल्याशिवाय मागच्या टप्प्याने माल बनवायचा नाही. त्यामुळे अर्धवट मालाचे ढीग साचत नाहीत. घरच्या कामातही अर्धवट नगांची संख्या ठरवून घ्यावी. एका वेळी दोनच पत्रे उघडी ठेवावीत. तिसरे उघडायचे असेल तर एक मिटले पाहिजे.

पाणंद

यंत्रशाळा यांचा नियम अभिलेखांना आणखी एका कारणाने लागू आहे. जुने कागद उघडे राहिले की घड्यांवर तुटतात. मोडीवाचक, आपण मूळ कागदांवरूनच वाचता का? छायाचित्रे घेऊन ठेवली असतील तर रुमाल पुन्हा पुन्हा सोडावा लागणार नाही. छायाचित्र दिवसाच्या मंद उजेडात, तिरप्या नव्हे तर सरळ वरून घ्यावे आणि कडेला मोजपट्टी ठेवावी. हे विषयांतर वाटेल, पण मूळ कागद हाताळताना जी धास्ती असते, तिच्यामुळेही बसणे टळते, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

मोडीवाचक

सर्वांचे मनापासून आभार. सगळ्या सूचना वाचून पुढीलप्रमाणे ठरवले आहे.

या आठवड्यात दुसऱ्या रुमालाची छायाचित्रे पूर्ण करतो. त्यानंतरची पहिली फेरी केवळ अक्षरांची असेल. तारखेसाठी एक खूण, नावासाठी दुसरी, न लागलेल्या शब्दासाठी तिसरी. सांजवात झाली की वाचायला बसायचे, हा मनोव्यापार यांनी सांगितल्यासारखा ठराव. शिवणघर ताईंच्या प्रश्नाचे उत्तरही लिहून काढले: लिप्यंतर, शुहूर सन आणि त्यावरून इसवी सनाचे वर्ष, एवढे झाले की पत्र ‘झाले’. चंद्रावरून नेमका दिवस काढणे या व्याख्येतून मी वगळले आहे. ते दुसऱ्या आवृत्तीचे काम. कमाविसदारांसाठी स्वतंत्र वही घातली आहे आणि सातवीण यांच्या आग्रहाखातर तिच्यासाठी रविवारची सकाळ राखली आहे.

पहिला रुमाल तयार असूनही ‘दोन्ही एकदम देऊ’ म्हणून तो घरीच ठेवला होता. तो आता वाचनालयात देतो. ग्रंथपालांशी बोललो, त्यांनी गावातल्या ज्येष्ठ मंडळींपुढे त्यातले काही निवाडे वाचून दाखवण्याची तयारी दर्शवली आहे.

कोशवाङ्मय

पहिला रुमाल देताना त्यावर ‘भाग १’ असे स्पष्ट घालावे.

शिवणघर

पहिल्या वाचनाच्या वेळी न लागलेल्या शब्दांची यादीही सोबत न्या. शेतीची, मापांची आणि देवस्थानच्या मानपानाची नावे म्हाताऱ्या माणसांना पुष्कळदा माहीत असतात. माझ्या सासूबाई खाटेवर पडल्या पडल्या अशी कितीतरी नावे सांगतात.

पाणंद

चंद्रावरून दिवस काढण्याचे काम मोडीवाचक यांनी दुसऱ्या आवृत्तीवर टाकले आहे. त्यांची हरकत नसेल तर ते माझ्याकडे सोपवावे. जंत्री माझ्या टेबलावरच असते. तारखांच्या ओळींची छायाचित्रे दहा-दहाच्या गठ्ठ्याने पाठवा. एक गठ्ठा लावून परत केल्याशिवाय मी दुसरा मागणार नाही.

मोडीवाचक

हरकत कसली, मोठाच आधार झाला. पहिल्या रुमालातल्या दहा तारखा आज रात्री पाठवतो. त्यांतल्या दोन ठिकाणी महिना ‘रजब’ आहे की ‘रबिलाखर’, असा संशय आहे. तिथे खूण केली आहे.